हस्तव्यवसायातील चीक, डिंक व खळ आणि त्यांचे कपड्यांवरील डाग

चिकटवण्याच्या पदार्थावाचून प्राथमिक शाळेतील हस्तव्यवसायाचे पान हलत नाही. पुठ्ठ्याची पेटी, रंगीत कागदाची तोरणे, चिंध्यांची बाहुली, भुलाबाई-गुलाबाईच्या दिवसांतील आरास, केळीच्या वाळलेल्या सोपटांची चित्रे, यांपैकी कोणतीही वस्तू केवळ कात्रीच्या बळावर सिद्ध होत नाही. परंतु जो पदार्थ कागदाला कागद धरून ठेवतो, तोच सदऱ्याच्या बाहीलाही धरून बसतो. काम आटोपून मुले वर्गाबाहेर पडतात तेव्हा त्यांच्या हातांत वस्तू असते आणि पुष्कळदा कपड्यांवर डागही असतो.

हा डाग वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे परिणाम क्षुल्लक नसतात. ज्या घरी गणवेशाचे दोनच जोड आहेत, त्या घरी एक जोड खराब होणे ही लहान गोष्ट नव्हे. मुलास घरी बोलणी बसतात. काही मुले डागाळलेला सदरा घालून वर्गात बसण्यास संकोचतात व एखादा दिवस घरीच राहतात. पालकांची तक्रार आली की शिक्षक गोंदाचा डबा कपाटात ठेवून देतात आणि हस्तव्यवसायाचा तास फळ्यावरील चित्रावर भागवला जातो. हाताने शिकण्याचे तत्त्व या देशात नवे नाही. 1937 साली वर्धा येथील परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाचा विचार मांडला गेला आणि 1964 ते 1966 या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. अशा रीतीने मान्यता पावलेला विषय एका डागापायी मागे पडावा हे इष्ट नाही. डागाचे स्वरूप समजले, तर डाग टाळता येतो. पडलाच, तर बहुधा काढता येतो. यास्तव या पदार्थांची शास्त्रीय ओळख शिक्षकांस असणे अगत्याचे आहे.

एक शब्द, अनेक पदार्थ

मराठीत ‘चीक’ हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला जातो. रुईच्या पानातून निघणारा दुधासारखा द्रव हा चीक. वडाच्या व उंबराच्या फांदीतून ठिबकतो तोही चीक. फणस कापताना हाताला लागतो तो चीक. केळीचा घड उतरवताना देठातून गळतो तो चीक. आणि भिजवलेले गहू वाटून काढलेले पांढरे सत्त्व, ज्याची कुरडई होते, तेही गव्हाचा चीकच. रबराच्या झाडापासून मिळणाऱ्या दुधालाही मराठीत याच नावाने ओळखतात. बाजारात त्यास लॅटेक्स म्हणतात.

नाव एक असले तरी हे पदार्थ गुणाने एकमेकांपासून फार भिन्न आहेत. गव्हाच्या चिकात पिष्ट असते. रबराच्या चिकात रबराचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. फणसाच्या चिकात राळेसारखे चिकट द्रव्य पुष्कळ असते. केळीचा चीक पाण्यासारखा पातळ दिसतो. परंतु त्यात तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन व तत्सम पदार्थ, असतात. या भेदाकडे लक्ष न देता सर्व डागांवर एकच उपाय करणे, ही या बाबतीतील मुख्य चूक होय. एका चिकावर जो उपाय गुणकारी ठरतो, तोच दुसऱ्या चिकाचा डाग कायमचा पक्का करतो. याचे उदाहरण पुढे येईल.

रबराचा चीक

रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील. 1876 साली हेन्री विकहॅम या इंग्रज गृहस्थाने ब्राझीलमधून या झाडाचे बी लंडनजवळील क्यू येथील उद्यानात नेले आणि तेथे उगवलेली रोपे पुढे सिलोन व मलाया या देशांत पोहोचली. भारतात रबराचे मुख्य उत्पादन केरळ राज्यात होते. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागातही रबराच्या बागा आहेत. खानदेशाच्या कोरड्या हवेत हे झाड वाढत नाही. त्यामुळे येथील मुलांना रबराचा चीक प्रत्यक्ष झाडावर पाहावयास मिळत नाही. तो बाटलीतूनच त्यांच्यापुढे येतो.

झाडाच्या सालीस तिरकी खाच पाडली असता जो चीक पाझरतो, त्यात वजनाने सुमारे एक-तृतीयांश रबर असते व उरलेला भाग बहुतांशी पाण्याचा असतो. यंत्राने पाणी कमी करून तो दाट केला म्हणजे रबराचे प्रमाण शेकडा साठपर्यंत जाते. झाडातून निघालेला चीक तसाच ठेवला तर काही तासांत नासून त्याच्या गुठळ्या होतात. तो टिकावा म्हणून त्यात अमोनिया मिसळतात. बाटलीचे झाकण उघडताच नाकात झिणझिण्या आणणारा जो उग्र वास येतो, तो या अमोनियाचा.

चीक चिकटतो कसा, हे समजणे कठीण नाही. दुधात ज्याप्रमाणे स्निग्धांशाचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात, तद्वत चिकात रबराचे कण विखुरलेले असतात. चीक कागदावर किंवा कापडावर पसरला की पाणी उडून जाते, कण एकमेकांजवळ येतात व अखेरीस एकजीव होऊन त्यांचा लवचीक पापुद्रा बनतो. ओला असताना पांढरा दिसणारा चीक वाळल्यावर पारदर्शक व किंचित पिवळसर होतो. एकदा कण एकजीव झाले म्हणजे ते पुन्हा पाण्यात मिसळत नाहीत. ओल्या व सुक्या डागांचे उपाय निरनिराळे का, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

चिकाचा उपयोग करण्याची रीत

रबराच्या चिकाचा मुख्य गुण म्हणजे त्याचा जोड ताठ होत नाही. कापडाला कापड, कापडाला पुठ्ठा, चामड्याच्या कात्रणाला कापड किंवा सोपटाला कागद चिकटवावयाचा असेल आणि वस्तू वाकणारी असेल, तर हा चीक उपयोगी पडतो. जेथे जोड ताठ हवा, उदाहरणार्थ लाकडाच्या कामात, तेथे तो उपयोगाचा नाही.

काम करताना दोन्ही पृष्ठभागांवर चिकाचा पातळ थर द्यावा. पांढरेपणा जाऊन थर जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत थांबावे आणि मग दोन्ही भाग नेमके जुळवून दाबावेत. वाळत आलेले रबर रबराला तत्काळ धरते. त्यामुळे एकदा टेकवलेला भाग सरकवता येत नाही. मुलांनी प्रथम कोरड्या वस्तू एकमेकींवर ठेवून पेन्सिलीने खुणा करून घ्याव्यात हे उत्तम. जाड थर दिल्यास आतील भाग ओला राहतो, जोड सुटतो आणि कडेने बाहेर आलेला चीक कपड्यांना लागतो. डाग पडण्याचे सर्वांत मोठे कारण चीक नसून चिकाचा अतिरेक होय.

कुंचला चिकात बुडवण्यापूर्वी साबणाच्या पाण्यात भिजवून झटकून घ्यावा. त्यामुळे केसांच्या मुळाशी रबर धरत नाही व काम संपल्यावर कुंचला थंड पाण्याने स्वच्छ होतो. चीक काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात काढावा. तांब्या-पितळेच्या भांड्यात तो कधीही ओतू नये. अमोनियाचा या धातूंवर परिणाम होतो आणि तांब्याचा अंश रबरात उतरला तर रबर कालांतराने चिकट व निःसत्त्व होते. वाटीत उरलेला चीक परत बाटलीत ओतू नये.

खानदेशातील उन्हाळ्याचा विचार येथे वेगळा करावा लागतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत हवा अतिशय कोरडी व तप्त असते. चैत्र-वैशाखाच्या दुपारी वाटीतील चिकावर पाहता पाहता साय धरते व कपड्यावर पडलेला थेंबही तितक्याच त्वरेने वाळतो. या ऋतूत हस्तव्यवसायाचा तास सकाळी घ्यावा, थोडा थोडाच चीक वाटीत काढावा आणि बाटली घट्ट झाकून सावलीत, शक्य तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवावी.

रबराच्या चिकाचा डाग : ओला असताना

चीक ओला आहे तोवर रबराचे कण सुटे असतात. अशा वेळी पाणी हाच उत्तम उपाय होय. प्रथम चमच्याच्या कडेने जास्तीचा चीक डागाच्या बाहेरून आत असा अलगद काढून घ्यावा. बोटांनी चोळू नये. नंतर कापड उलटे करून डागाच्या मागील बाजूवर थंड पाण्याची धार सोडावी, म्हणजे कण ज्या वाटेने आत शिरले त्याच वाटेने बाहेर पडतात. थोडा साबण लावून पुन्हा धुवावे. पहिल्या काही मिनिटांत एवढे केले तर बहुधा डाग राहत नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे गरम पाणी. उष्णतेने चीक लवकर गोठतो व धाग्यांत रुततो. दुसरी गोष्ट म्हणजे आंबट पदार्थ. डाग पडला की लिंबू चोळावयाचे, ही सवय खानदेशात पुष्कळ घरी आहे. परंतु ज्याप्रमाणे लिंबाने दूध फाटते, त्याप्रमाणे आम्लाने रबराचा चीक तत्क्षणी गोठतो. रबराच्या मळ्यांत चिकापासून घट्ट रबर काढण्यासाठी फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लच वापरतात. मळ्यातील कारागीर जे बुद्ध्या करतो, तेच लिंबू चोळणारी व्यक्ती अजाणता गणवेशावर करते. रबराच्या चिकावर लिंबू, चिंच, ताक किंवा शिरका लावू नये.

डाग सुकल्यानंतर

डाग अर्धवट वाळला असेल तर त्याच्याशी झटत न बसता तो पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट वाळलेले रबर चोळल्याने पसरते; पूर्ण वाळलेले रबर मात्र पापुद्र्याच्या रूपाने सुटू शकते. बर्फाचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डागावर ठेवल्यास रबर काहीसे कडक होते व नखाने त्याची कड उचलता येते. बर्फ नसेल तर दुसरी एक सोपी युक्ती आहे. वाळलेल्या चिकाची लहानशी गोळी करून ती डागावर दाबावी व झटक्याने उचलावी. रबर रबराला ओढते या न्यायाने वरचा थर गोळीबरोबर निघून येतो. असे पुन्हा पुन्हा करावे.

धाग्यांच्या आत गेलेले रबर मात्र याने निघत नाही. तेथे त्यास फुगवणारे द्रावण लागते. या संबंधात एक ऐतिहासिक गोष्ट उद्बोधक आहे. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटलंडमधील रसायनज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्था या तेलात रबर विरघळवले, ते दोन कापडांच्या मधे पसरले आणि पाण्याला दाद न देणारे कापड तयार केले. पावसाळी अंगरख्यांचा धंदा यातून वाढीस लागला. गणवेशावरील डाग म्हणजे नको त्या जागी झालेले मॅकिंटॉशचे कापडच होय. ज्या जातीच्या तेलाने रबर कापडात घालता आले, त्याच जातीच्या तेलाने ते सैल करून बाहेरही काढता येते.

रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन या कामी उपयोगी पडते. डागाखाली जुन्या कापडाची घडी ठेवावी, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून मागील बाजूने टिपावा, पाचदहा मिनिटे थांबून फुगलेले रबर बोथट कडेने खरवडावे व खालची घडी बदलून हीच क्रिया पुन्हा करावी. काही चीक कारखान्यातच गंधकाची प्रक्रिया केलेले असतात. अशांचे रबर विरघळत नाही, केवळ फुगते. परंतु फुगल्याने त्याची पकड सुटते. शेवटी साबणाने दोनदा धुऊन कापड मोकळ्या हवेत वाळवावे. वास पूर्ण जाईपर्यंत त्यास इस्त्री लावू नये.

हे काम विद्यार्थ्यांचे नव्हे. टर्पेंटाइन व रॉकेल हे ज्वालाग्राही पदार्थ आहेत. त्यांचा वापर प्रौढ व्यक्तीनेच, उघड्यावर आणि चुलीपासून व विडी-काडीपासून दूर करावा. पेट्रोल तर शाळेच्या आवारात या कामासाठी आणूच नये. एका सदऱ्याच्या मोबदल्यात एखाद्या बालकाच्या अंगास भाजणे हा सौदा कोणासही परवडणारा नाही. कोणतेही द्रावण लावण्यापूर्वी ते शिवणीच्या आतील बाजूस लावून रंग जात नाही ना, हे पाहावे.

केळीचा चीक : खानदेशाचा नित्याचा डाग

शाळेतील चिकाचा डाग वर्षातून चारदोनदा पडतो. केळीच्या चिकाचा डाग मात्र रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, भुसावळ या तालुक्यांतील मजुरांच्या घरी नित्याचाच आहे. जळगावच्या केळीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ती केळी कापणाऱ्या व वाहणाऱ्या हातांचे कपडे त्याच केळीने काळे होतात. म्हणून अनुभवी मजूर घड उतरवण्याच्या कामास एक जुना जोड राखून ठेवतात. मुले मात्र शाळा सुटल्यावर गणवेशातच बागेत आईवडिलांकडे जातात, आणि गणवेशावर काळसर तपकिरी ठिपके उमटतात. असा गणवेश पाहून मुलास अस्वच्छ म्हणणे हा अन्याय होय. तो डाग मळाचा नसून कामाचा असतो.

हा चीक प्रथम रंगहीन दिसतो. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यातील तुरट द्रव्ये हळूहळू काळवंडतात. कापलेले वांगे किंवा सफरचंद ज्या कारणाने काळे पडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. लोखंडाचा अंश लागला तर काळेपणा अधिक वाढतो. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, तिचे तत्त्व हेच. अशा डागाला धाग्यावर चढलेला रंगच समजावयास हवे. तो खरवडून निघत नाही.

येथे सर्व काही वेळेवर अवलंबून असते. डाग दिसण्यापूर्वीच, चीक उडाल्याचे कळताच, तो भाग भरपूर थंड पाण्याने धुवावा. त्यानंतर लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवावा व पुन्हा धुवावे. आम्लामुळे व लिंबातील क जीवनसत्त्वामुळे काळवंडण्याची क्रिया मंदावते. साबण व सोडा अल्कधर्मी असल्याने ताज्या चिकावर ते प्रथम लावू नयेत. त्यांनी रंग अधिक गडद होतो. साबणाची पाळी शेवटची.

वाचकांच्या लक्षात येईल की जे लिंबू रबराच्या चिकाला वैरी, तेच केळीच्या चिकाला औषध आहे. ‘चीक लागला, लिंबू लावा’ हा सरसकट नियम म्हणूनच धोक्याचा आहे. प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘कशाने काढावा’ हा नसून ‘डाग कशाचा आहे’ हा आहे.

जुना झालेला केळीचा डाग पूर्णपणे जाईल अशी आशा धरू नये. पांढऱ्या सुती कापडावर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने तो फिका होतो. रंगीत गणवेशावर विरंजक पूड वापरल्यास डागाबरोबर कापडाचा रंगही जातो व काळ्या ठिपक्याच्या जागी पांढरा ठिपका उरतो. त्यापेक्षा शाळा सुटताच गणवेश बदलण्याची सवय मुलांस लावणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

डिंक, खळ, सरस व पांढरा गोंद

सातपुड्याच्या रांगेत, चोपडा, यावल व शिरपूर तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात धावडा व सालई ही झाडे आढळतात आणि बाभूळ तर मैदानातील बांधाबांधावर आहे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. त्याचा डाग वाळून कडक झाला तरी कोमट पाण्यात भिजत ठेवल्यास सुटतो. सालईच्या डिंकात राळेचा अंश असल्याने तो केवळ पाण्याने जात नाही. त्यास नंतर स्पिरिटचा बोळा लावावा लागतो.

खळ ही शाळेस सर्वांत परवडणारी व निर्धोक वस्तू होय. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, मग एकंदर चार-पाच वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. सुमारे 60 अंश सेल्सियसच्या पुढे पिष्टाचे कण फुगू लागतात व मिश्रण दाट आणि अर्धपारदर्शक होते. खळीचा डाग थंड पाण्यात भिजवून, फुगल्यावर ब्रशाने झाडून काढावा. डाग खळीचा आहे किंवा नाही याविषयी शंका असल्यास कापडाच्या कडेवरील कणावर आयोडिनचा एक थेंब टाकावा. निळा-काळा रंग आल्यास ते पिष्ट समजावे. पुस्तकबांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असल्याने शाळेतील खळीत तो घालू नये. खळ रोजची रोज ताजी करावी.

सरस हा जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढलेला पदार्थ. सुतारकामात पूर्वी त्याचेच राज्य होते. त्याचा डाग कोमट पाण्यात मऊ पडतो. 1959 साली मुंबईत फेविकॉल हा पांढरा कृत्रिम गोंद बाजारात आला आणि हळूहळू सुतारांच्या हातातील सरसाचे भांडे मागे पडले. या पांढऱ्या गोंदास पुष्कळ लोक रबराचा चीकच समजतात. परंतु तो पॉलिव्हिनिल ॲसिटेट या कृत्रिम द्रव्याचा आहे. त्यास अमोनियाचा उग्र वास येत नाही व वाळल्यावर तो रबराइतका ताणला जात नाही. या दोन खुणांनी दोहोंमधील भेद ओळखावा. ओला डाग थंड पाण्याने जातो. सुका डाग कोमट पाण्यात अर्धा तास भिजवल्यास पुन्हा पांढरा व मऊ होतो. तो खरवडून उरलेल्या भागास स्पिरिटचा बोळा लावावा. हा गोंदही इस्त्रीच्या उष्णतेने मऊ होऊन धाग्यांत पसरतो. सबब, डाग पूर्ण गेल्याखेरीज इस्त्री नाही, हा नियम सर्व प्रकारच्या गोंदांस लागू समजावा.

धुण्याच्या पाण्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. खानदेशात पुष्कळ विहिरींचे पाणी दुष्फेन असते. त्यात साबणाचा फेस होण्याऐवजी पांढरा साका तयार होतो व तो कापडावर बसून डाग गेल्यावरही कडा दिसत राहते. अशा ठिकाणी धुण्याचा सोडा टाकून पाणी प्रथम मऊ करून घ्यावे किंवा शेवटचे खळबळणे पावसाच्या साठवलेल्या पाण्याने करावे.

वर्गात करावयाचा प्रयोग

हा सर्व विषय चौथी-पाचवीच्या वर्गात प्रयोगरूपाने शिकवता येतो. जुन्या पांढऱ्या धोतराच्या किंवा चादरीच्या तळहाताएवढ्या बारा चिंध्या कराव्यात. तीन चिंध्यांवर खळ, तीनांवर बाभळीचा डिंक, तीनांवर पांढरा गोंद व तीनांवर रबराचा चीक यांचा एकेक थेंब टाकावा. प्रत्येक पदार्थाची एक चिंधी पाच मिनिटांनी, दुसरी एका तासाने व तिसरी दुसऱ्या दिवशी थंड पाण्यात धुवावी. विद्यार्थ्यांनी वहीत आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता आखून ‘गेला’, ‘फिका झाला’ किंवा ‘राहिला’ अशी नोंद करावी. विरघळणे, वाळणे व गोठणे यांतील भेद तोंडी सांगून जितका ठसत नाही, तितका या बारा चिंध्यांनी ठसतो.

याच वेळी शिक्षकाने काचेच्या एका पेल्यात चमचाभर दूध व दुसऱ्यात चमचाभर रबराचा चीक घेऊन दोहोंत लिंबाच्या रसाचे थेंब टाकून दाखवावेत. दूध फाटते व चिकाच्या गुठळ्या होतात. ती रबराची गुठळी थंड पाण्यात धुऊन जमिनीवर टाकली असता उसळते. खोडरबराची गोष्टही याला जोडून सांगता येईल. जोसेफ प्रिस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने 1770 साली रबराने पेन्सिलीची रेघ पुसली जाते अशी नोंद केली, आणि घासून पुसणारे म्हणून इंग्रजीत या पदार्थास रबर हे नाव रूढ झाले. केळीच्या गावातील मुलांनी घरून केळीच्या चिकाची चिंधी आणल्यास प्रयोग अधिकच पूर्ण होईल. त्या मुलांना आपल्या घरचे काम हाही अभ्यासाचा विषय आहे, हे कळून येईल.

दक्षता

रबराचा चीक वापरताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण अमोनियाने डोळ्यांस व घशास त्रास होतो. काही व्यक्तींना रबराच्या चिकातील प्रथिने सोसत नाहीत. अंगास खाज सुटते, गांधी उठतात, क्वचित श्वास लागतो. ज्यांना केळे खाल्ल्याने ओठांस किंवा घशास खाज येते, त्यांपैकी काहींना हा चीकही बाधतो. या दोन पदार्थांतील काही प्रथिनांत साम्य आहे. असे मूल वर्गात असल्यास त्यास खळीचे काम द्यावे. श्वास लागल्यास विलंब न लावता दवाखाना गाठावा.

झाडांचा चीक गोंद म्हणून वापरण्याचा मोह मुलांस होतो. वडाचा चीक एक वेळ चालेल. परंतु रुईचा व निवडुंगाचा चीक हाती घेऊ देऊ नये. तो डोळ्यांत गेल्यास बुबुळास गंभीर इजा होते. चुकून गेल्यास डोळा न चोळता बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवावा व ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी.

हस्तव्यवसायाच्या तासास मुलांनी वडिलांचा जुना सदरा उलटा, म्हणजे गुंड्या पाठीकडे येतील असा, गणवेशावर घालावा. प्रत्येक बाकावर ओले फडके ठेवावे. शाळेच्या कपाटात साबण, जुन्या कापडाच्या घड्या, कापूस व बोथट चमचा एवढे साहित्य एका डब्यात असावे, आणि डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत चार वाक्ये लिहून ठेवावीत: डाग कशाचा ते ओळखा; आधी थंड पाणी; रबराच्या चिकास लिंबू नको; डाग जाईपर्यंत इस्त्री नको. एवढी तयारी असल्यावर गोंदाचा डबा कपाटात कोंडून ठेवण्याचे कारण उरत नाही. काम करणाऱ्या हाताला काहीतरी लागणारच. ते लागल्यावर काय करावे हे मुलास ठाऊक असले, तर ते घरी भीत भीत जाणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येण्यासही संकोचणार नाही.